नारदाचे गादीचा हुकूम उतरविला त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास नमन, शारदेस नमन, आणि ज्यांची वीणा त्रिभुवनी कोणासही पासवर्ड न सांगतां शिरते त्या नारदमुनींस साष्टांग नमन करोन, शके १९४५ शोभननाम संवत्सरी माघमासी मेजावरील राज्यांत जो अनर्थ जाहला आणि जो टळला, तो श्रोतयांचे सेवेसी लिहितो. सावध चित्ते परिसावा.

मेजावरील राज्य ते कोणते म्हणाल, तर संगणक नामे पेटी मेजावर असते, तिचे पोटांतील राज्य. बाहेरील मनुष्य पडद्याकडे पाहोन म्हणतो, पेटी चालते. परंतु आत पाहतां नाना प्रोग्राम आपापले खोलीत बिऱ्हाड करोन नांदतात, कोणी हिशेब करितो, कोणी पत्रे पोचवितो, कोणी चित्रे रंगवितो, आणि एकाने दुसऱ्याचे खोलीत पाऊल घालो नये ऐसा तेथील कायदा. सर्व खोल्यांत जावयाचा अधिकार एक प्रशासक महाराजांचा. महाराज मोठे भाविक. राज्यांत ध्वनिखाते होते, त्याचे अधिपती निरंजनबुवा. पेटींतून जो सूर बाहेर ऐको येई तो बुवांचाच, आणि सायंकाळी बुवा नारदाचे गादीवर उभे राहोन कीर्तन करीत, तेव्हा महाराज सिंहासन सोडोन जाजमावर बसत. आणि ऐसे घडले की, एके दिवशी ऐन आख्यानात बुवांचा आवाज तुटो लागला, कारण हिशेब करणाऱ्याने सर्व मेमरी आपले खोलीत ओढोन ठेविली होती. बुवा गादीवरून म्हणाले, थोडी इकडे द्या. परंतु तो अर्ज कारभाऱ्यांकडे गेला, तेथोन मंजुरीस गेला, मग शेऱ्यास परत आला, आणि तोवर द्रौपदीचा धावा अर्ध्यावर राहिला. महाराजांचे डोळां पाणी आले. त्यांनी तेथेच आज्ञा केली की, यापुढे गादीवरून जो शब्द निघेल तो आमचाच समजावा, शिपायांनी उलट पुसो नये. सर्वांनी धन्य धन्य म्हटले. भक्तीचे भरांत केलेली आज्ञा, तीत वाईट ते काय पाहावे.

आता बंदोबस्त नव्हता ऐसे नाही. किल्लेदार हैबतराव कीर्तनारंभी बुवांची ओळख पटवीत, मग तिजवरील शब्द हुकूम ठरावा म्हणोन गादी जागी करीत, आणि एकदा जागी जाहली म्हणजे कीर्तन संपेतो जागीच राही. परंतु पूर्वरंग संपला की मध्यंतरी बुवा गादीवरून उतरोन बाजूस बसत, मग त्यांस हार घालीत, बुक्का लावीत, सुंठीचे पाणी देत, आणि मंडळी भजन म्हणत. तितका वेळ गादी रिकामी आणि जागी. एके दिवशी ऐसियाच समयी झांजकरी केसोपंत समईची वात सारावयास गादीवर चढले, आणि वारा येतो म्हणोन सहज बोलिले, अरे दारे लावा कोणी. तों राज्यांतील सर्व दारे आणि सर्व खिडक्या एकदम लागल्या. बाहेर मेजाशी बसलेला मनुष्य पडद्याकडे आ वासोन पाहात राहिला.

केसोपंत हसले, मंडळी हसली, परंतु बुवांचे हातांतील सुंठीचे पाणी निवोन गेले. दुसरे दिवशी बुवा कारभारी भिकाजीपंत चौबळ यांजकडे गेले आणि सर्व वृत्तांत निवेदिला. पंत जाणते, बारा राज्यांचे पाणी प्यालेले. त्यांनी पुसले, परक्या कोणास वेस ओलांडल्यावाचोन गादीवर चढतां येते काय. बुवा म्हणाले, नाही. पंत म्हणाले, वेशीवर हैबतराव आहेत की नाहीत. बुवा म्हणाले, आहेत. "मग झाले तर," पंत बोलिले. "आत आला तो आपलाच की हो, बुवा. आपल्या माणसाचे कसले भय?"

बुवा म्हणाले, "पंत, ओसरीवर घेतला म्हणोन कोणी देवघरात घेत नाही."

पंतांनी टाकास शाई लाविली आणि धोका लघु ऐसा शेरा मारिला. आणि वर मान न करितां म्हणाले, फारच काळजी वाटत असेल तर ध्वनिखातेच बंद करितो, कीर्तन नाही तर गादी नाही, आणि गादी नाही तर धोका नाही. कीर्तन जावे यापरीस आपण गप्प बसावे, ऐसे बुवांस वाटले, आणि ते परतले. हे बुवांनी बरे केले नाही. परंतु ज्यास गादीवर उभे राहिल्यावाचोन अन्न गोड लागत नाही, त्याने काय करावे.

पुढे सटवोजी नामे पत्त्यांचे खेळाचा एक प्रोग्राम, बाहेरील मनुष्याने दुपारचे जांभईत फुकट मिळाला म्हणोन आत घेतला. हैबतरावांनी रीतसर विचारपूस केली, पाहुणा म्हणोन खोली दिली. सटवोजी रोज कीर्तनास येई, पुढे बसे, टाळ धरी. खरे ते लिहावे, ताल त्याचा कधी चुकला नाही. आणि माघ शुद्ध एकादशीस मध्यंतरी बुवा हारांत गुंतले असतां, सटवोजी टाळ खाली ठेवोन उठला आणि गादीवर चढोन स्पष्ट स्वरे बोलिला, "आजपासोन सटवोजी तेच प्रशासक. आणि प्रशासक होते ते पाहुणे."

शिपायांनी मुजरा केला. महाराजांचे डोळे भजनांत मिटलेले होते. ते उघडतात तों हैबतराव पुढे उभे, गालांवरून पाणी वाहे, आणि पुसतात, आपण कोण, खोली कोणती. महाराज म्हणाले, हैबतराव, अहो मी. हैबतराव म्हणाले, "ओळखतो, महाराज. ओळखोन उपयोग नाही. हुकूम गादीवरला आहे."

मग सटवोजीने सर्व खोल्या उघडिल्या, पत्रे पोचविणाऱ्याची पत्रे विस्कटिली, आणि चित्रकार बाळंभट यांची वर्षानुवर्षांची चित्रे फाडोन त्यांचे पत्ते केले, आणि राजा राणी गुलाम म्हणोन खेळत बसला. महाराज पाहुण्यांचे खोलीत चटईवर. आणि सटवोजी हुशार, त्याने भिकाजीपंतांस बोलावोन पुसले की, आम्ही आलो त्या वाटेने दुसरा कोणी यावयाचे भय आहे काय. पंत कारभारी, राजा बदलला म्हणोन मत बदलावे ऐशांतले नव्हते. त्यांनी आपलाच शेरा काढोन दाखविला, धोका लघु, आत असलेल्यासच करितां येते. सटवोजीचे समाधान जाहले. त्याने कीर्तन चालो द्यावे म्हणोन आज्ञाही केली, कारण त्यास खरेच गोडी लागली होती.

मग द्वादशीस कीर्तन जाहले. सटवोजी सिंहासनावर टाळ घेवोन बसला, महाराज पाहुण्यांत शेवटी. बुवांनी पूर्वरंग आवरता घेतला, आणि मध्यंतरी गादीवरून उतरोन नेहमीची जागा सोडोन पार खांबाशी जावोन बसले, आणि हार घालणाऱ्यास म्हणाले, बाबा, सावकाश घाल, आज घाई नाही. महाराज पाहात होते. ते उठले. ज्या गादीपुढे जन्मभर डोके ठेविले तीवर पाय ठेवोन चढले आणि बोलिले, "काल सकाळी जैसे होते तैसे असो." शिपायांनी मुजरा केला, आणि हैबतराव आनंदे सिंहासनाकडे धावोन सटवोजीस पुसते जाहले, आपण कोण, खोली कोणती. त्यास त्याचे खोलीत घालोन कुलूप केले. बाकी सर्व जागेवर आले, परंतु बाळंभटांची चित्रे फाटली ती फाटलीच. पत्त्यांची पुन्हा चित्रे होईनात.

दुसरे दिवशी दरबार भरला. भिकाजीपंतांनी नवा शेरा वाचिला, धोका महान, ध्वनिखाते कायमचे बंद, राज्य निःशब्द ठेवावे. बाळंभटांनी मान डोलाविली, आणि त्यांस बोल कोण लावील. तेव्हा बुवा पुढे जाहले आणि प्रथम आपली चूक कबूल केली की, मी कीर्तनाचे लोभाने गप्प राहिलो, त्याची शिक्षा मला द्यावी. मग म्हणाले, "महाराज, कीर्तनास हुकूम लागत नाही, कान लागतात. हुकूम काढोन घ्या. गादी राहो द्या."

महाराजांनी हातांतील फूल खाली ठेविले. मग हळूच, जैसे मित्राशी बोलावे तैसे म्हणाले, बुवा, या गादीनेच मला परत आणिले. उद्या पुन्हा कोणी मला पाहुणा केले, तर एवढी एक वाट माझ्यासाठी असो द्यावी, कोणास सांगो नये.

बुवा म्हणाले, "घालविले तेही याच गादीने, सरकार. काल मी खांबाशी जावोन बसलो, कारण आपण होतात. उद्या माझे मन फिरले, आणि दुसऱ्या कोणासाठी बसलो तर? माझी मलाच खात्री नाही, तुम्ही कोणाचे भरवशावर राहता?"

यावर महाराजांनी गादीकडे पाहोन नमस्कार केला आणि अपडेट नामे फर्मान काढिले, की गादीवरील शब्द कानांपुरता. सूर तुटो नये म्हणोन बुवांची मेमरी आधीच बाजूस काढोन ठेवावी. आणि शिपायांनी कोणाचाही हुकूम मानतेसमयी त्याचे तोंड त्याच क्षणी पाहावे, आरंभी पाहिले होते हे पुरेसे धरो नये. फर्मान लागू व्हावे म्हणोन राज्य एकदा निजवोन पुन्हा उठविले. पंतांनी त्यावर दुरुस्ती आमचे देखरेखीखाली जाहली ऐसे लिहिले.

त्या सायंकाळी कीर्तनास निम्मे जाजम रिकामे. बुवांचे तोंडून आपली काही सोय होईल म्हणोन इतके दिवस किती जण येत होते, ते तेव्हा कळले. जे आले ते मात्र ऐकत होते. उत्तररंगांत बुवांस राहवले नाही. ते म्हणाले, कुलपाआड एक बसला आहे, अपराधी खरा, परंतु ताल त्याचा पक्का होता; त्याचे हाती टाळ असता तर बरे. पूर्वी इतुके बोलतांच दहा शिपाई धावते. आता एकही हलला नाही. हैबतराव आपले पायांकडे पाहात उभे. बुवा गादीवर थांबले. वाक्य बोलोन थांबावयाची त्यांस सवय नव्हती. आणि मग बाळंभट चित्रकार उठले, आपले टाळ काढिले, मान खाली घालोन सटवोजीचे खोलीपाशी गेले, दार उघडिले नाही, कोणास उघडावयास सांगितलेही नाही, खालचे फटींतून एक एक करोन दोन्ही टाळ आत सरकविले, आणि परत येवोन आपले जागेवर बसले.

बुवांनी अभंग उचलिला. ऐसा हुकूम गेला आणि कीर्तन राहिले. हैबतरावांनी कुलूप ओढोन पाहिले, ते लागलेलेच होते, आणि आतून समेवर टाळ येत होता. येथे लेखणी खाली ठेविली.