नाव ओठांवर असलेला नट

चेहरे ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! ही बढाई नाही, धंदाच तसा आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे. समोर माणूस बसला की मला आधी त्याचं नाक दिसतं, मग दोन डोळ्यांमधलं अंतर, मग एक कान वर आणि एक खाली. माणूस सगळ्यात शेवटी दिसतो, आणि गिऱ्हाइकांची गर्दी असली तर तोही राहून जातो.

या विद्येचा खरा उपयोग मात्र मी दुकानाबाहेर करतो. आमचं एक मंडळ आहे, जुन्या हॉलिवूडच्या चाहत्यांचं. तिरकी टोपी घातलेले पुरुष, केसांवर मागून उजेड पडलेल्या बायका, आणि सगळं काळंपांढरं! रोज सकाळी कुणीतरी फोनवरच्या ग्रुपमध्ये एक फोटो टाकतो आणि बाकीचे आठवणी लिहितात. महिन्यातल्या एका रविवारी लाँड्रीच्या वरच्या खोलीत प्रत्यक्ष भेटतो. खालून इस्त्रीची वाफ येते आणि वर आम्ही उसासे सोडतो.

मंडळाला घटना वगैरे नाही, पण एक नियम सगळे पाळतात. ‘मला माहीत नाही’ असं कुणी कधी लिहायचं नाही. एकाने एकदा भाबडेपणाने ‘हा कोण बुवा?’ असं विचारलं होतं. तो आता पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपमध्ये असतो.

“मेलेल्यांचे फोटो बघत बसायचं आणि घरातल्या माणसांकडे ढुंकूनही बघायचं नाही!” हे आमच्या मंडळाबद्दल बायकोचं मत. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता मला तो पंख्याचा आवाज वाटतो.

मी सांगतोय त्या प्रसंगाच्या सुमारास घरात एक माणूस वाढलं होतं. सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. पाणीपुरवठा कार्यालयात दोघांनी एकत्र नोकरी केलेली, सासरे कारकून आणि त्या टायपिस्ट. सासरे म्हणजे जाड भिंगांचा चष्मा, टक्कल आणि शांतता. ते गेल्यावर सासूबाईही त्यांच्यासारख्याच झाल्या. “हो”, “नको”, “असू दे” एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा. मला वाईट वाटायचं, पण काय बोलावं ते सुचायचं नाही. मग मी फोन काढून नट बघत बसायचो.

त्यांच्या सामानात जुन्या विलायती सिनेमासिकांचा एक गठ्ठा होता. तरुणपणी त्यांनाही हाच नाद! मी अधाशासारखा बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, “वाचा हवी तर.” चौथा शब्द निघाला म्हणून बायको खूश झाली आणि मी गठ्ठा खोलीत घेऊन गेलो.

पानापानांत नटनट्यांची कापून ठेवलेली चित्रं होती. आणि एका मासिकातून तो घरंगळला! तळहाताएवढा फोटो. भुवईपर्यंत ओढलेली टोपी, पेन्सिलीने ओढल्यासारखी मिशी, लांबलचक गाडीला टेकलेली कंबर, बोटांत सिगारेट, आणि ओठाच्या एकाच कोपऱ्यातून हसू. मी ताडकन उठलो. हा तर तो! नायकाचा मित्र! दर सिनेमात मध्यंतराच्या आत मरणारा! नाव ओठांवर होतं, अगदी ओठांवर, पण बाहेर येईना.

आता नाव आठवत नाही असं ग्रुपमध्ये कसं लिहिणार? मी फोटोचा फोटो काढला आणि ऐटीत लिहिलं, “दुर्मीळ! ओळखा पाहू!”

पाच मिनिटं गेली. मग आमच्या दंतवैद्यांनी लिहिलं, “वा! लगेच ओळखला. नाव सांगत नाही, इतरांची मजा जाईल.” त्यांच्या पाठोपाठ ग्रंथपालबाई आल्या, “ह्याच्या मरणाच्या प्रसंगाला मी हुंदके देऊन रडले होते.” आणि मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, यांनी तर कमाल केली. “हा नायक व्हायचा, पण राजकारण झालं!” दुपारपर्यंत त्या माणसाला एक दुःखी बालपण, दोन अयशस्वी विवाह आणि घोड्यावरून पडल्याची जखम मिळाली होती. नाव मात्र कुणीच सांगत नव्हतं. केवढी ही मंडळी सभ्य, असं मला वाटलं!

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. “मूळ फोटो पाठवा. मोठा करून घेतो. रविवारी याच विस्मृतीत गेलेल्या कलावंताची आठवणसभा!” मी दुकानातल्या माणसाबरोबर फोटो पाठवून दिला. सासूबाईंना विचारायचं कशाला? एक कात्रण तर होतं!

त्याच दिवसापासून सासूबाई काहीतरी शोधू लागल्या. पिशवी उलटी करायच्या, परत भरायच्या. उशीचा अभ्रा काढून झटकायच्या. माझ्याकडून गठ्ठा परत मागून घेतला आणि एकेक पान उलटत बसल्या.

“काय हरवलंय, आई?” मी विचारलं.

“असू दे. सापडेल.”

मी जावई म्हणून कर्तव्य केलं. टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरलो आणि काय शोधायचं ते माहीत नसताना मनापासून शोधलं. एक चप्पल आणि आमच्या मुलीचा खोडरबर सापडला. तुमची ट्यूब केव्हाच पेटली असेल. माझी पेटली नव्हती!

“आई दोन दिवस धड जेवली नाही,” बायको रात्रीची भांडी आवरताना म्हणाली. “काय गेलंय ते सांगत नाही, नुसती डोळे पुसते. तुमच्या त्या सभेला घेऊन जाऊ तिला. तेवढाच बदल.”

रविवारी लाँड्रीच्या वरची खोली गच्च भरली. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी बायको, आणि तिच्या पलीकडे मानकऱ्यासारखा मी. भिंतीला टेकवलेल्या फोटोवर लाँड्रीतूनच आणलेली पांढरी चादर. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि चादर ओढली.

माझ्या उंचीचा माणूस टोपीखालून हसत उभा राहिला. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की टाळ्या नसत्या तर माझी किंकाळी सगळ्यांना ऐकू गेली असती.

“अहो! हे बाबा आहेत!”

“कुठे?” मी दाराकडे बघितलं. सासरे गेलेत हेसुद्धा त्या क्षणी विसरलो.

“समोर! ती हनुवटी मी रोज आरशात बघते!”

मी बघितलं. टोपी मनातल्या मनात काढली, टक्कल बसवलं. मिशी पुसली, जाड भिंगं चढवली. आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली! उजवा कान डाव्यापेक्षा किंचित खाली. त्या कानासाठी चष्म्याची काडी मी स्वतः वाकवून दिली होती, दर वेळी!

सासूबाईंकडे बघायची हिंमत होईना. कसंबसं बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि डोळे फोटोवर खिळले होते. हरवलेलं सापडलं होतं, पण पन्नास अनोळखी माणसांच्या देखत.

इकडे आठवणी सुरूही झाल्या होत्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “दारातून वळून बघायचे ना, तेव्हा वाटायचं, आपल्याकडेच बघतायत.” दंतवैद्य म्हणाले, “हसू असं की दात न दिसताही कळायचं, माणूस निर्मळ आहे.” आणि अध्यक्ष गहिवरून म्हणाले, “मी लहानपणी त्यांना पत्र लिहिलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तर पाठवलं!”

आता मात्र मला राहवेना. मी उभा राहिलो. “मंडळी, माफ करा. हे... हे माझे सासरे आहेत.”

मग अध्यक्ष पुढे झाले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “तुमचे सासरे हॉलिवूडमध्ये होते आणि तुम्ही आम्हाला आज सांगताय?”

“हॉलिवूडमध्ये नाही हो! पाणीपुरवठ्यात!”

पन्नास माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागली. ग्रंथपालबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. दंतवैद्य खिडकीतून खालच्या वाफेचा अभ्यास करू लागले. मला वाटलं, आता सासूबाई उठतील, जिना उतरतील आणि आपल्या घरी परत जातील, कुलूप लावलेल्या त्या रिकाम्या घरात. माझ्यामुळे! एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

त्या उठल्या, पण जिन्याकडे वळल्या नाहीत.

“थांबलात का?” त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “बोला ना. ह्यांच्याबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. निवृत्त झाले त्या दिवशी साहेब भाषण करायला उठले आणि ह्यांचं नावच विसरले. तुम्हालाही नाव येत नाही, पण तुम्ही निदान रडलात तरी.”

ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, “आम्ही सगळं मनाचं बोललो, ताई. आता तुम्हीच सांगा.”

आणि सासूबाई बोलू लागल्या! ह्यांनीच पुढे कधीतरी सांगितलेलं, टोपी फोटोग्राफरची होती आणि दोन नंबर मोठी होती, आत रुमाल कोंबला होता. गाडी लाकडी फळीवर रंगवलेली. टेकू नका म्हणून सांगितलं होतं, तरी हे टेकले, आणि फोटो निघताच गाडी आडवी झाली. सिगारेट जन्मात पहिलीच. एका झुरक्यात एवढा ठसका लागला की फोटोग्राफर पाणी आणायला धावला. लोक हसले, मग अजून विचारू लागले आणि सासूबाई सांगतच राहिल्या. बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती आणि हसतही होती. त्या दिवशी कळलं, माणूस गप्प असतो तो बोलायचं नसतं म्हणून नव्हे. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

निघताना अध्यक्षांनी मूळ फोटो पाकिटात घालून दोन्ही हातांनी सासूबाईंना परत दिला. मोठा फोटो भिंतीवरच ठेवायचा, असं मंडळाने एकमताने ठरवलं.

घरी जाताना सासूबाई मध्ये चालत होत्या. पाकीट छातीशी होतं. मी म्हणालो, “आई, न विचारता घेतला. चुकलं माझं.”

“चुकलंच. हा कुणाला दाखवायचा नाही, असं वचन घेतलं होतं त्यांनी माझ्याकडून. लाजायचे फार.” मग थोडं चालून त्या म्हणाल्या, “पण ते पोस्टमास्तर खोटं बोलतात हं. उत्तर पाठवलं म्हणे! मला उभ्या जन्मात एक ओळ लिहिली नाही या माणसाने.”

“मग हा फोटो काढला तरी कशाला बाबांनी?” बायकोने विचारलं.

“ऑफिसात मी दिवसभर एका नटाबद्दल बोलायची ना, म्हणून. एक दिवस गुपचूप माझ्या टाइपरायटरवर हा ठेवून गेले. मी खरंच ओळखलं नाही गं! भर ऑफिसात ह्यांनाच विचारलं, ‘हा कुठल्या सिनेमातला?’ ”

“मग?”

“कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, ‘अजून लागायचाय. तुम्ही हो म्हणालात, तर लागेल.’ ”

एवढं मोठं वाक्य! मी त्यांचा जावई, इतकी वर्षं ते माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसले. आणि मी त्यांना आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: “बाबा, खालची ओळ वाचता येतेय का?”