बटेर जाणार पोपटीत

रविवारी सकाळी चंद्रावतीने वालाच्या शेंगा भाजायचं पोपटीचं मडकं पडवीत खुराड्यासमोर आणून ठेवलं आणि नवऱ्याला विचारलं, "अवो, अंडं हाय का नाय?"

काळुरामने खुराड्यातली पेंढ्याची टोपली चाचपली. ती रोजच्यासारखीच कोरडी ठणठणीत होती.

"नाय," तो म्हणाला. "पण आज लक्षण बरं दिसतंय."

"मग ठरलं तसं. सांजच्याला पोपटीत अंडी नायतर बटेर."

काळुरामने टोपली पुन्हा एकदा चाचपली. कंपनीतून रिटायर झाल्यावर त्याने हौसेने हे बटेर आणले होते. निडी गावात घरोघरी कोंबड्या. त्याला काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. विकणारा काही सांगू लागला, तर याने त्याला हातानेच गप्प केलं. आजोबापणजोबांपासून घरात कोंबड्या; हे तर मूठभर पाखरू, त्याचं काय शिकायचं? घरी येऊन त्याने कोंबड्यांसारखीच सगळी बडदास्त ठेवली. बसायला आडवी काठी बांधली, तिच्यावर कोणी बसलं नाही. अंड्यांसाठी टोपली ठेवली, तिच्यात कोणी पाऊल टाकलं नाही. खाली भाताचा तूस अंथरला, तो मात्र बटेरांनी मनापासून उकरला. रोज सकाळी हा टोपली तपासायचा, घाण झालेला तूस घमेल्यात भरायचा आणि खत वाया जाऊ नये म्हणून घरामागे लावलेल्या वालात नेऊन ओतायचा.

एवढ्यावर थांबता तर बरं होतं. पण स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर त्याने जाहीर करून टाकलं, की यंदाच्या पोपटीत घरच्या बटेरांची अंडी असतील. वर पेणच्या मेव्हण्याला, हरेशला, खास आवतण दिलं. आता अब्रू जाणार होतीच; पण त्याला खरं दुःख पाखरांचं होतं. त्याची चाहूल लागली की ती सगळी जाळीशी धावत यायची. इतकं अगत्य कंपनीत त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

दुपारी हरेश मडक्यात कोंबायच्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा भारा घेऊन हजर झाला. पेणला तो गणपतीचे डोळे आखायचा, त्यामुळे त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काय भावोजी, अंडी कुठं हायत? का पुढल्या पोपटीला?"

काळुरामने भारा उचलून पडवीच्या कोपऱ्यात ठेवला.

"हरेश, बोलत नको बसू," चंद्रावती म्हणाली. "चार काढ बाहेर."

"अगो, दोन दिस थांब की!" काळुराम खुराड्याला आडवा गेला. पण तोवर मेव्हण्याने वरचं झाकण उघडून आत हात घातला होता.

कोंबडी घाबरली की कोपरा गाठते. बटेर सरळ वर उडतो. पहिला हरेशच्या नाकावर आदळला, दुसरा डोक्यावर, आणि हरेश "आयो!" करून पाठीवर पडला तसे बाकीचे त्याच्या अंगावरून भर्रकन मागच्या वालात शिरले.

"मच्छरदाणी आण गो!" काळुराम ओरडला. आरडाओरडा ऐकून शेजारचे बाबाजी धावत आले. चौघेही वालात रांगू लागले. बटेर वेलांखाली दबून बसलेले. काळुराम हलक्या हाताने उचलून घ्यायचा आणि मच्छरदाणीत सोडायचा. तेवढ्यात पलीकडून हरेश किंचाळला, "भावोजी! तुमच्या वालाला अंडी लागलीत!"

खरंच लागली होती. ठिपक्याठिपक्यांची, मातीच्या रंगाची, तुसाच्या ढिगांत लपलेली. कावळ्यांनाही ते खडेच वाटले असावेत. काळुरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे बटेर टोपलीत नव्हे, तुसातच अंडी घालत होते आणि तो रोज ती स्वतःच्या हाताने खतात ओतत होता!

"हे काय वो?" चंद्रावतीने पदरभर अंडी गोळा करत विचारलं.

काळुरामने छाती पुढे काढली. "वालाच्या गारव्यात अंडं टिकतं. आजच्यासाठी राखून ठेवली व्हती."

"मग सकाळी नाय का बोललात?"

"तू खुराड्यातलं इचारलंस."

चंद्रावतीने अंडी पाण्यात टाकली. तरंगली ती नासकी म्हणून फेकली. बुडाली त्यांनीच निम्मा टोप भरला. संध्याकाळी मडक्यात वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि अंडी भरून वर पाला कोंबला, मडकं उपडं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला. बटेर सगळेच्या सगळे खुराड्यात परतले होते. हरेशने सुजलेलं नाक सांभाळत एकामागून एक अंडी सोलली आणि शेवटी हळूच म्हणाला, "भावोजी, मला चार बटेर द्याल? पाळायला हो."

"देतो. पण शिकावं लागतं," काळुराम म्हणाला आणि त्याने बाबाजींसकट सगळ्यांना बटेरपालन समजावून सांगितलं. त्याचा आनंद गगनात मावत नव्हता.

पाहुणे गेल्यावर चंद्रावतीने भाताची मोठी चाळण त्याच्या पुढ्यात ठेवली. "उद्यापासून तूस चाळून टाकायचा. राखून ठेवलेल्या अंड्यांवर मुंगूस लय टपलेलं असतं."

काळुरामने चाळण उचलली. उद्यापर्यंत त्याला दम कुठला? तो तिथंच बसला, खुराड्यातला तूस ओंजळीने चाळणीत घेतला आणि हलवला. तूस खाली गेला. वर तीन ठिपकेदार अंडी राहिली.

"चंद्रावती!" त्याने आळी उठवली. "अगो, खुराड्यात पण हायत गो!"