परसातले तीन सरडे

आमच्या परसात सरड्यांच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही मी एकट्याने शोधल्या आहेत, असं मी घरात ठणकावून सांगितलं! सांगणं भागच होतं. बायकोने परसात फरशी घालायचं ठरवलं होतं आणि फरशीवाला दुसऱ्याच दिवशी येणार होता. माझी जास्वंद, माझी भेंडी, सगळं सिमेंटखाली!

"एक मातकट, एक पिवळसर, एक लाल गळ्याचा," मी म्हणालो. "असं दुर्मीळ परस कुणी बुजवतं का?"

"धाकटीलाच बोलावते," बायको म्हणाली.

धाकटी म्हणजे माझी मेहुणी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि मला हसायची एकही संधी सोडत नाही. सकाळीच हजर!

कुंपणावर मातकट सरडा होता. "हा पहिला," मी कुजबुजलो. आम्ही चहा घेत बसलो. ऊन चढलं आणि तिने मला कोपराने ढोसलं.

"भाऊजी, आता दुसरा बघा."

पिवळसर! "अरेच्चा! मग पहिला कुठे गेला?"

"कुठेही नाही. तोच आहे हा!"

रंग बदलतात म्हणून साहेबांना मी ऑफिसात रोज सरडा म्हणतो. खरा सरडा समोर असताना मात्र हे डोक्यातच आलं नाही!

"पण लाल गळ्याचा वेगळाच!" मी हट्टाने पुढे सरकलो. "मी दिसलो की मान हलवून स्वागत करतो."

कुंपणावरच्या त्याच सरड्याचा गळा लालभडक झाला. पुढच्या पायांवर तो वरखाली होऊ लागला.

"स्वागत कसलं! नर आहे तो. जोर काढून दम देतोय, जागा माझी आहे, चालते व्हा! तुम्हाला दुसरा नर समजलाय."

"म्हणजे एकच, तोही साधा?" बायकोने विचारलं.

"अगदी साधा. कुठल्याही बागेत असतो."

संपलं! बायकोने फरशीवाल्याला फोन लावला. "चावतो का गं?" तिने जाता जाता विचारलं.

"विषारी नाही. किडे, मुंग्या, झुरळं खातो."

"झुरळं?" बायको थबकली. "हॅलो, फरशी रद्द!"

बाग वाचली. मी आनंदाने जास्वंदीकडे गेलो. सरड्याने लगेच जोर काढायला सुरुवात केली. आता माघार घ्यायची? मीही जमिनीवर हात टेकले. दुसऱ्याच जोराला कंबर धरली!

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको ओरडली,

"अहो, त्याला त्रास देऊ नका! तो कामाचा आहे!"