वानखडे सरांचे परदेशी रोखे

आमचे घरमालक वानखडे सर ज्या देशाची नदी ठाऊक नाही, त्या देशाला कर्ज देत नाहीत. पोलंडला त्यांनी तीन आठवडे ताटकळत ठेवलं होतं, कारण विस्तुला नदी उगमापासून मुखापर्यंत त्यांच्या मनासारखी काढता येत नव्हती.

सर अमरावतीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. सगळं जग शिकवलं, स्वतः मात्र नागपूरच्या पुढे गेले नाहीत. बायको वारल्यावर त्यांनी अकोल्याचा प्लॉट विकला आणि मोबाइलवरच्या एका शिकवणीत नाव घातलं. परदेशी सरकारांचे कर्जरोखे कसे घ्यावेत, कधी विकावेत, असं काहीतरी.

"रोखा म्हंजे काय, त देश आपल्याजवळून पैसे घेते अन् व्याज देते," असं ते केस कापायच्या दुकानातसुद्धा सांगतात. "पोलंडले आपन उभं केलं."

शेजारचे भुयारकाका विचारतात, "मंग पोलंडवाले दिवाळीले पाया पडाले येतेत का नाई, सर?"

सरांची अडचण एकच. दुसऱ्याला शिकवल्याशिवाय त्यांच्या स्वतःच्या डोक्यात काही बसत नाही. त्यांचा सध्याचा वर्ग म्हणजे मी एकटी.

मी कुडाळकडची. आठवीतच शाळा सुटली, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी इतक्या लांब आले. इथे कोणी "का?" या अर्थाने नुसतं "काहून?" म्हटलं तरी मला ते भांडणच वाटायचं. तेव्हा सरांनी वहीच्या कागदावर मला सगळी गल्ली काढून दिली. गिरणी, भाजीवाली, दवाखाना, आणि वर उत्तर दिशेचा बाण. ते उपकार कसे विसरू? म्हणून गिऱ्हाइकांचे जेवणाचे डबे पोचवून झाले की अडीच वाजता त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते. तिथे फळा आहे, खडू आहे. सर माझी हजेरीसुद्धा घेतात.

"व्याजदर वाढले की जुन्या रोख्याची किंमत पडते. काहून? नवं संत्रं जास्त रस देऊन राहिलं, त कमी रसाचं जुनं पुऱ्या भावात कोन घेईन? समजलं?"

मी मान डोलावते. एवढ्या शिकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

माझ्या त्या मानेवर पैसे लागताहेत, हे मला फार उशिरा कळलं. सरांचा नियम होता, वर्गाला समजल्याशिवाय खरेदी नाही. मी मान डोलावली, सरांनी थोडं पोलंड घेतलं. परत डोलावली, थोडं मेक्सिको.

मग ब्राझील निघाला. व्याज आपल्या बँकेच्या दुप्पट. सरांनी दोन दिवस ॲमेझॉन काढली, उपनद्यांसकट. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "प्लॉटचे उरलेले सारे इथंच टाकतो. आजच. समजलं ना, सुमन?"

मोबाइल हातात, अंगठा तयार.

"सर, नाही समजलं."

अंगठा थांबला. "काय नाई समजलं?"

"व्याज त्यांच्या पैशात मिळणार. त्यांचा पैसाच घसरला, तर इथल्या किराण्याला काय उरणार?"

सरांनी शिकवणीची वही मागे उलटली, पुढे उलटली. शिकवणीत तो भाग झाला असणार, पण त्या पानावर उपनद्या होत्या. मुद्द्याला जागाच उरली नव्हती.

"अन् संत्र्याचं?"

"तेही नाही."

"पोलंड?"

"पहिल्या दिवसापासून काहीच नाही, सर." मला वाटलं, आता खोली गेली.

सरांनी मोबाइल खाली ठेवला. ओल्या फडक्याने ब्राझील पुसला. फळा स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले.

"म्हंजे पह्यलेपासून घ्या लागते," ते म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा उजळला होता. "मले वाटे, ब्राझील झाला की तुया अभ्यास संपला. मंग दुपारचं काय करावं, थे मी सकाळपासून पाहून राहिलो होतो."

मी उठले. फाटकापाशी पोचले तर मागून आवाज आला.

"सुमन, नाई समजलं तरी चालते. उद्या येजो."