फटीत पोचेल असा पंप

“फडकं फटीत जात नाही, ब्रश फटीत जात नाही, अन् फट तर रोज मोठी होऊन राहिली!”

देवकीबाई मागच्या दारात गहू निवडत बसल्या होत्या, आणि ही कुरकुर त्यांच्या पायाजवळूनच आली. महादेवराव लाकडी ओट्याच्या खाली उताणे पडले होते. पाय तेवढे बाहेर होते.

“कोणाले सांगून राहिले?”

“लाकडाले.”

“मंग, काय म्हणते लाकूड?”

“तेल मागते.”

हा ओटा साधासुधा नव्हता. महादेवरावांची उभी नोकरी वनखात्याच्या लाकूड डेपोत गेली. पारशिवनीकडच्या जंगलातला एक जुना विश्रामबंगला मोडला तेव्हा त्याच्या व्हरांड्याच्या सागवानी फळ्या त्यांनी लिलावात घेतल्या आणि सक्करदऱ्याच्या आपल्या घरामागे कमरेएवढ्या खांबांवर ठोकून घेतल्या. तिथे उभं राहिलं की तलावाचं पाणी दिसायचं. साहेबलोकांच्या तोंडून ऐकलेला शब्द उचलून ते त्याला ‘डेक’ म्हणत. गल्ली त्याला जहाज म्हणायची. “काय महादेवराव, जहाज कधी सुटते?” असं कोणी विचारलं की ते गंभीरपणे सांगत, “पाणी वाढू द्या.”

जहाजावर प्रवासी एकच होता. त्यांची लेक तारा. अभ्यास तिथं, जेवण तिथं, उन्हाळ्यात झोप तिथं. संध्याकाळी ती केस मोकळे सोडून पाय खाली लोंबकळवत बसायची आणि देवकीबाई मागे बसून तिच्या डोक्याला तेल लावायच्या.

चार वर्षांपूर्वी तारानं कचेरीत जाऊन लग्न केलं. मुलगा आनंद. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत फवारणी पंपांचा कारखाना होता, तिथं फिटर. कष्टाळू, शांत, सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा. पण त्याच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि महादेवरावांच्या भाऊबंदांना तेवढंच दिसलं. खुद्द महादेवरावांनी डेपोत सगळ्यांबरोबर एका डब्यात हात घालून वर्षं काढली होती. तरी चार भाऊबंद बैठकीत बसून तोंडाकडे पाहत राहिले तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, “या घरात तिचं नाव निघणार नाही.” भाऊबंद चहा पिऊन आपापल्या घरी गेले. शब्द मात्र इथंच मुक्कामाला राहिला.

ताराचं नाव गेलं, त्यामागे आनंदचं गेलं, मग कळमेश्वरचंही गेलं. त्याला ‘तिकडे’ म्हणू लागले. रेडिओवर काटोल-कळमेश्वर भागात गारपीट झाल्याची बातमी लागली की महादेवराव आवाज वाढवत आणि “संत्र्याचं नुकसान होते,” असं म्हणत. त्यांच्या मालकीचं संत्र्याचं एक झाड नव्हतं. देवकीबाईंना ते कळत होतं, आणि त्यांना कळतं हे महादेवरावांना कळत होतं. पण दिलेला शब्द मागे कोणी घ्यायचा? त्यांना वाटे, बायकोनं आधी नाव काढावं. बायकोला वाटे, ज्यानं कुलूप लावलं त्यानंच उघडावं. असं करता करता चार उन्हाळे गेले. डेकवर कोणी बसत नव्हतं, पण दर चैत्रात त्याला तेल मात्र लागत होतं. पोरीच्या केसांचं तेल लाकडाला जाऊन राहिलं, असं देवकीबाईंच्या मनात येई, आणि त्या गहू पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेत.

यंदा फटी वाढल्या होत्या. एका खांबाशी वाळवीची माती दिसली होती. म्हणून महादेवरावांनी ठरवलं : जवसाचं उकळलेलं तेल, त्यात रंगापुरता गेरू, आणि ते फवारायचं. आता प्रश्न एवढाच होता, की कशानं?

पहिला मान घरातल्या डास मारायच्या हातपंपाला मिळाला. अडीच फळ्या झाल्या आणि महादेवरावांचा दंड भरून आला.

“या हिशोबानं दसऱ्याले होते,” देवकीबाई म्हणाल्या.

“दसऱ्यापर्यंत डास कायनं मारशीन?”

मग ते इतवारीत अवजारांच्या दुकानात गेले. दुकानदार बिचारा नवखा होता. त्यानं चार पंप पुढे मांडले, नोझल फिरवून दाखवली, आणि म्हणाला, “काकाजी, खरं सांगू का? दुकानात कायले भटकता? आपल्या कळमेश्वरले कारखाना आहे, तिथंच जा ना. माणसं बी भली आहेत.”

महादेवराव तडक घरी आले. छत्री दुकानातच राहिली.

“मिळाला पंप?”

“ऊन फार आहे,” ते म्हणाले.

शेवटी त्यांचा पारशिवनीचा जुना मित्र गिरिधर मदतीला धावला. त्याची संत्र्याची बाग होती. बसच्या टपावर टाकून त्यानं आपला पाठीवरचा फवारणी पंप आणला.

“एक नंबर माल आहे गा, महादेव. घेतला तवा कारखान्यातल्या एका पोरानं मले सारं समजावून देल्लं. लय गुणी पोरगा. तुमच्याच…” इथं गिरिधर थांबला, आणि “तुमच्याच गल्लीसारखी गल्ली आहे तिथं,” असं काहीतरी बोलून चहा अर्धा टाकून परतीच्या बसला पळाला.

पंपाच्या टाकीवर पितळी पट्टी होती. कारखान्याचं नाव, खाली गाव. महादेवरावांनी त्या पट्टीवर आपला दुपट्टा घट्ट बांधला आणि पंप पाठीवर चढवला.

“फडकं नाही ना जात फटीत,” देवकीबाई हळूच म्हणाल्या, “पट्टीवर बरं गेलं.”

हा पंप पाण्यासारख्या औषधासाठी केलेला. दाट तेल त्याच्या नळीत जाईना. महादेवरावांनी दट्ट्या जोरात मारला. तेल पुढून निघालं नाही. आतलं रबरी वायसर तेलानं फुगून फाटलं, आणि गेरूचं लालभडक तेल झाकणातून मागं, थेट त्यांच्या मानेवरून पाठीवर आणि धोतरावर उतरलं. पायाखाली तेल, पाठीवर टाकी. महादेवराव डेकवर पालथे पडले.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कांताबाई कुंपणाच्या भिंतीजवळ पापड वाळत घालायला आल्या. कांताबाईंचा आवाज असा होता, की तलावापलीकडच्या म्हशी वळून पाहत.

“अगे बाप्पा! रगत! देवकी, धाव वं! महादेवभाऊची पाठ फुटली!”

“अवं, गेरू आहे,” महादेवराव पालथेच म्हणाले. पण त्यांचं तोंड फळीला चिकटलं होतं, म्हणून ते कण्हल्यासारखं ऐकू आलं. गल्ली जमा झाली. एकानं रिक्षा बोलावली, दुसऱ्यानं हळद आणली. सगळ्यांनी मिळून त्यांना उचललं, आणि उचलणारेही लाल झाल्यामुळे मागून आलेल्यांना वाटलं, मारामारीच झाली. देवकीबाईंनी बादलीभर पाणी आणि साबण घेऊन पाठ धुतली, तेव्हा आतून कुठं खरचटलंसुद्धा नसलेले महादेवराव निघाले.

“कांता कुठं गेली?” देवकीबाईंनी विचारलं.

कांताबाई औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. औषध आणायला नाही. तिथं फोन होता. अर्ध्या तासानं त्या परतल्या, पाटावर बसलेले धुतलेले महादेवराव पाहिले, आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. देवकीबाईंनी त्यांना बाजूला ओढलं.

“कोणाले लावला फोन?”

“तिकडे,” कांताबाई पुटपुटल्या. “म्हटलं, पंपानं पाठ फोडली, लवकर या. मले काय ठाऊक गेरू आहे म्हणून?”

“अन् नंबर कुठून आला तुह्याजवळ?”

“नंबर तर साऱ्या गल्लीजवळ आहे वं. तुह्यापासूनच लपवून ठेवला होता.”

देवकीबाईंनी लपवलेला नंबर गव्हाच्या कोठीत होता.

अकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी कारखान्याची मॅटाडोर थांबली. आनंद धावतच मागच्या अंगणात आला. अंगात खाकी डगला, हाताला ग्रीस. समोर महादेवराव कोरं बनियन घालून पाटावर बसलेले. मग आनंदची नजर पडलेल्या पंपावर गेली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“वायसर गेलं,” तो म्हणाला.

“गेलं,” महादेवराव म्हणाले. “काहून गेलं?”

“तेलानं रबर फुगते, बाबा. चामड्याचं लागते.”

तो ‘बाबा’ म्हणाला आणि महादेवरावांनी ते ऐकूनही पंपाकडेच पाहिलं. “मोटारी रंगवायची गन आणली असती तर?”

“नको. तिच्या जोरानं अर्धं तेल हवेत उडते. तलावावरच्या बगळ्यांले रंग येईन. हाच पंप चालते, पण तेल कोमट करून टर्पेंटाइननं पातळ करा लागते. नोझल चपट्या फवाऱ्याचं. वारा पडला की मारायचं, अन् मागोमाग ब्रश.”

“म्हणजे ब्रश लागतेच?”

“लागतेच.”

देवकीबाईंनी आकाशाकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी कांताबाईंच्या अंगणाकडे उघडत होती. खिडकीखाली कांताबाई उभ्या होत्या आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजत होत्या.

“संग आली आहे. माह्या घरात बसवली. म्हणते, बाबानं बोलावल्याशिवाय उंबऱ्यात पाय टाकणार नाही. बापाचीच पोरगी.”

कांताबाईंच्या मागे दाराआड एक हात दिसत होता. हातात पाण्याचा गिलास, मनगटावर हिरव्या बांगड्या. देवकीबाईंना तो हात हजार हातांत ओळखू आला असता. त्यांनी चहात साखर दोनदा घातली आणि पत्ती घालायला विसरल्या.

ते गोड गरम पाणी दोघा पुरुषांनी निमूट पिऊन टाकलं. आनंदनं महादेवरावांच्या जुन्या चपलेचं चामडं कापून वायसर बसवलं, तेल कोमट केलं, आणि फवारा मारायला सुरुवात केली. बारीक, सरळ, पंख्यासारखा फवारा. तेल फटीत उतरू लागलं. मागोमाग महादेवराव ब्रश घेऊन, गुडघे दुखत असताना, सरकत होते.

देवकीबाई दारात उभ्या होत्या. त्यांना आता राहवेना.

“उन्हाळा सोसते का तिकडे?”

“सोसते,” आनंद म्हणाला.

“जेवण जाते?”

“आता जाते. मधात जात नव्हतं. वासच सहन होत नव्हता.”

देवकीबाईंनी दाराची चौकट धरली. “कितवा?”

“सहावा.”

महादेवरावांचा ब्रश एकाच फळीवर थांबला. तिथं तेलाचं तळं झालं. मग ते घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, “नोझलमध्ये सहा नंबर असते काय?” पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि तो गेरू नव्हता.

सगळा डेक झाला. ओलं सागवान चमकत होतं.

“तीन दिवस पाय ठेवू नका,” आनंद म्हणाला. पंप पुसून त्यानं भिंतीशी ठेवला. “निघतो बाबा.”

“वाऱ्याचं पुन्हा एकदा सांगा,” महादेवराव म्हणाले.

आनंदनं पुन्हा सांगितलं.

“अन् टर्पेंटाइन किती?”

तेही सांगून झालं. मग चामडं कोणतं, नोझल कशानं साफ करायचं, पावसाळ्यात पंप उलटा ठेवायचा की सुलटा. देवकीबाईंना दिसत होतं, नवऱ्याजवळचे पंपाचे प्रश्न संपत आले आहेत. भिंतीपलीकडे पोरगी आहे, इथं बाप आहे, मध्ये वीतभर विटा, आणि हे दोघं नोझलवर बोलत आहेत. आपणच नाव घ्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण चार वर्षांच्या सवयीनं जीभ टाळ्याला चिकटली.

“हे सारं लिहून द्या मले,” महादेवराव म्हणाले. “माह्या ध्यानात नाही राहत.”

आनंदनं मान खाली घातली. “माझं अक्षर खराब आहे, बाबा. लिहायचं काम आमच्या घरी… मी नाही करत.”

महादेवराव ब्रश हातात धरून भिंतीकडे पाहत राहिले.

“मघापासून एक गोष्ट पाहून राहिलो,” ते देवकीबाईंना म्हणाले. “कांताबाई बोलत नाही. दोन तास झाले. पापडावर कावळे बसले, तरी हाकलले नाहीत. ज्या बाईनं मले जित्तेपणी मारलं, ती एवढ्या वेळ गप्प बसते, म्हणजे तिच्या घरात कोणीतरी आहे, ज्याच्यासाठी गप्प बसा लागते.”

भिंतीपलीकडे गिलास खाली ठेवल्याचा आवाज झाला.

महादेवराव भिंतीजवळ गेले. हातातल्या ब्रशातून तेल त्यांच्या कोऱ्या बनियनवर टपकत होतं, त्यांना ठाऊक नव्हतं.

“तारा,” ते म्हणाले, “लोकाच्या घरी काहून बसली वं? घरी ये.”