जखमीचं ऐकायचं नाही

"मग जखमी मीच होतो," असं कमांडर बोलून गेले आणि तिथेच सगळं बिनसलं. वाक्य तसं साधंच. पण माणसाची बरीचशी संकटं अशा 'मग मीच'पासून सुरू होतात, हे लग्न झालेल्यांना वेगळं सांगायला नको.

कमांडर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. (खऱ्या नावाने त्यांना फक्त बँक हाक मारते.) वीज कंपनीच्या कचेरीत ते तक्रारींच्या खिडकीवर कारकून होते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, ही त्यांची नोकरी. घरी आल्यावरही तेच, फक्त बिनपगारी. त्यामुळे आपलंही कुणीतरी ऐकावं, जमल्यास अख्ख्या इमारतीने एकदम ऐकावं, ही त्यांची फार जुनी हौस होती.

मागच्या वर्षी नाल्याचं पाणी तळमजल्यात शिरलं, शिंपीकाकांच्या दुकानातल्या लोकांच्या पँटी पार फाटकापर्यंत तरंगत गेल्या, आणि रहिवाशांना जाग आली. आपत्ती समिती निघाली. कमांडर हंगामी प्रमुख झाले. लाल जाकीट आलं, शिट्टी आली, कर्णा आला. आणि काय सांगू, लोक ऐकायला लागले हो! 'जिना मोकळा करा' म्हणताच जिन्यातल्या सायकली, कुंड्या आणि कुणाचं तरी जुनं कपाट रातोरात गायब. कमांडर त्या मोकळ्या जिन्यावरून उगीचच दोनदा वर-खाली करून आले.

पण पद हंगामी होतं, ही खरी बोच. कायमचा प्रमुख रविवारच्या आगीच्या सरावानंतर हात वर करून निवडायचा होता, आणि पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टरही उभे होते. डॉक्टरांची बाजू भक्कम होती. त्यांच्यासमोर इमारतीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी तोंड उघडलं होतं, पण बोलायची कुणाची टाप नव्हती. सराव बघायला अग्निशमन दलाचे अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर शोभा झाली असती तर कमांडर परत खिडकीवरचे कारकून ते कारकूनच.

आणि ऐन वेळी, ठरलेले जखमी शिंपीकाका फिरले.

"मला नाही उचलून घ्यायचं बुवा. जिन्यात पाडलंत म्हणजे?"

तेव्हा कमांडरांनी छाती पुढे काढून ते वाक्य टाकलं. प्रमुखच जखमी झाला तर सराव चालवणार कोण, हे कुणीच विचारलं नाही. (डॉक्टरांना सुचलं असावं. ते नुसते हसले.)

"आता नीट ऐका," कमांडर कर्ण्यातून म्हणाले. सगळे हातभर अंतरावर उभे होते, तरी कर्ण्यातूनच. "आगीत सापडलेला माणूस भेदरलेला असतो. पाकीट राहिलं म्हणेल, चष्मा राहिला म्हणेल, मला सोडा म्हणेल. मीही तसंच करणार आहे, अगदी जीव तोडून. माझं एक अक्षर ऐकायचं नाही! नियम काय?"

"जखमीचं ऐकायचं नाही!" सगळे एका सुरात ओरडले. कमांडरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. निवडणूक खिशात, असं त्यांना तिथेच वाटून गेलं.

कमांडर वर घरी आले तेव्हा वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, खाली अंगणात जायला निघाल्या होत्या. सरावानंतर सगळ्यांना सँडविच द्यायची म्हणून त्यांनी गॅसवर मोठं भांडं चढवलं होतं.

"अहो, बटाटे उकडतायत. खाली नेतील त्याआधी आठवणीने गॅस बंद करा."

"अगं, इथे आग लागणार आहे आणि तुला बटाटे सुचतायत?"

"आग खोटी आहे. बटाटे खरे आहेत," असं म्हणून वहिनी गेल्या.

कमांडरांनी कपाळाला टोमॅटो सॉस फासला, बेडरूमच्या फरशीवर पडून दोन-तीन प्रकारे कण्हून बघितलं, आणि त्यातलं बरं कण्हणं कुठलं हे ठरवता ठरवता त्यांना छान डुलकी लागली. भोंगा झाला तो थेट त्यांच्या कानात. पाठोपाठ डॉक्टर, शिंपीकाका आणि चौथ्या मजल्यावरचा जिमवाला स्ट्रेचर घेऊन घुसले. कमांडरांना उचललं, ठेवलं, आणि शिंपीकाकांनी गळ्यापासून घोट्यापर्यंत असं आवळून बांधलं की एक टाका उसवायची सोय नाही. बाहेर पडताना डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दार ओढून घेतलं. कुलूप खट्कन लागलं.

पहिल्याच वळणावर कमांडरांना बटाटे आठवले.

"थांबा! गॅस चालू आहे!"

"वा!" डॉक्टर म्हणाले. "सुरुवात झाली."

"अहो, खरंच! गॅसवर बटाटे आहेत!"

"बटाटे!" जिमवाला खूश झाला. "पाकीट, चष्मा आपण धरूनच चाललो होतो. हे नवीन काढलं."

"सराव रद्द! मी प्रमुख म्हणून सांगतोय!"

"तुम्ही आत्ता प्रमुख नाही," शिंपीकाका मायेने म्हणाले. "तुम्ही जखमी आहात. पडून राहा बघू."

आता याला काय म्हणावं? लोक कमांडरांचा शब्द अगदी तंतोतंत पाळत होते, आणि पाळत होते म्हणूनच त्यांचं एक अक्षर ऐकत नव्हते! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अंगणात स्ट्रेचर टेकलं तेव्हा टाळ्या पडल्या. अधिकारी खुर्चीत बसून मान डोलवत होते. तेवढ्यात कमांडरांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर निघाला आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

"धुराचीसुद्धा सोय केली यांनी! मानलं!"

कमांडरांचं घर होतं ते. त्यांच्या आईचं कपाट आत होतं, वहिनींनी हौसेने शिवलेले पडदे आत होते, आणि ते स्वतः गादीच्या वळकटीसारखे बाहेर पडून बघत होते. त्यांना खरोखरच रडू आलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनीही डोळे पुसले.

तेवढ्यात गर्दीतून वहिनी आल्या. "हे बटाटे म्हणाले का?"

"म्हणाले म्हणजे काय! काय अभिनय, वहिनी!"

"अभिनय कसला? घरात काय शिजतंय ते लग्न झाल्यापासून ह्यांना ताटात पडल्यावरच कळतं. हे आपणहून बटाटे म्हणतायत म्हणजे गॅस चालू आहे. अहो, किल्ली कुठाय?"

"खिशात! उजव्या!"

वहिनींनी दोरीखालून हात घातला. आता कमांडरांना गुदगुल्या फार होतात, हे समितीला माहीत असायचं काही कारण नव्हतं. "घर जळतंय! हाहा! अगं, हळू! हीही! घर जळतंय हो!" असे ते किंचाळायला लागले, आणि लोक पोट धरधरून हसले.

किल्ली घेऊन वहिनी जिन्याकडे धावल्या, तर वॉचमन आडवा. "वर जायचं नाही वहिनी. साहेबांचा हुकूम आहे."

"जाऊ दे तिला!" स्ट्रेचरवरून साहेब ओरडले. "मीच सांगतोय ना!"

"साहेब," वॉचमन ताठ उभा राहून म्हणाला, "जखमीचं ऐकायचं नाही."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. "मी जखमी आहे का?"

"नाही."

"मग माझं ऐक. हो बाजूला."

वॉचमन बाजूला झाला. आता मात्र अधिकाऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते खुर्चीवरून उठले, भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला आणि वहिनींच्या मागे पळाले. जिमवाल्याने हळूच विचारलं, "म्हणजे बटाटे खरे होते?"

थोड्या वेळाने दोघं खाली आली. वहिनींच्या हातात कोळसा झालेलं भांडं होतं. अधिकाऱ्यांच्या हातातला सिलिंडर तसाच भरलेला.

"गॅसशेजारचं फडकं पेटलं होतं," अधिकारी म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर पडदा गेला असता आणि मग अख्खं घर. पण मी पोचेपर्यंत बाईंनी गॅस बंद केला होता, भांड्यावर झाकण टाकलं होतं आणि फडकं ओल्या चादरीखाली दाबलं होतं. मला बघून म्हणाल्या, आलाच आहात तर खिडकी उघडा. ती मी उघडली."

डॉक्टर हा माणूस आतून दिलदार. त्यांनी तिथल्या तिथे आपली माघार सांगितली आणि प्रमुख म्हणून वहिनींना सुचवलं. हातांचं जंगल वर गेलं.

"विरोधात कुणी?"

कमांडरांनी हात उचलायचा प्रयत्न केला. पण सराव संपल्याचं प्रमुखाने जाहीर केल्याशिवाय जखमीला सोडायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता, आणि शिंपीकाका नियमाला पक्के. "कुणीच नाही. एकमताने!" डॉक्टर म्हणाले. घर वाचलं म्हणून कमांडरांना हायसं वाटत होतं, बायकोचा अभिमान वाटत होता, आणि पद गेलं म्हणून वाईटही वाटत होतं. हे सगळं त्यांना आडवं पडूनच वाटून घ्यावं लागलं.

वहिनी जाकीट चढवतायत तोच शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी पुढे आले. सराव बघायला मुद्दाम आले होते बिचारे. त्यांनी स्ट्रेचरभोवती एक फेरी मारली, दोरीला हात लावून बघितला.

"असा जखमी आमच्याकडे मिळत नाही हो. आमच्याकडे पुढच्या रविवारी भूकंप आहे. हे रिकामे असतात का?"

कमांडरांचा चेहरा उजळला. कुणालातरी आपण हवे होतो! त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हो, हो, अगदी आनंदाने. पण माझ्या काही अटी..."

"तुम्ही नका बोलू," सेक्रेटरी म्हणाले. "मी प्रमुखांना विचारतोय."

"न्या की," वहिनी म्हणाल्या. "आणि परत आणून द्यायची घाई करू नका."