तुलनेसाठी बाबा

मालकीणबाईंचं नख या वेळी थेट मोत्यांच्या ट्रेमध्ये पडलं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाने ते चिमटीत उचलून त्याची किंमत विचारली. मालकीणबाई फोनवर हे सांगत होत्या तेव्हा धाकटीने फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी आत स्वयंपाकघरात आईला शब्द न् शब्द ऐकू गेला.

धाकटीने घराच्या पुढच्या खोलीत नखांचं पार्लर काढलं होतं, खऱ्या नखांवर प्लास्टिकच्या लांब टिपा चिकटवून देण्याचं. त्यासाठी टीव्ही आणि टीव्हीसमोरचे बाबा अशा दोन्ही वस्तू आतल्या खोलीत हलवल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दागिन्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई हे तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या आणि त्यांच्याकडच्या मुली दिवसभर लोकांना अंगठ्या दाखवणार, म्हणजे अंगठीबरोबर बोट आणि बोटाबरोबर नख आलंच. मालकीणबाईंची नखं टिकली, तर दुकानातल्या सगळ्या मुली धाकटीकडे येणार होत्या. नाही टिकली, तर पार्लरला कुलूप लावून तिला पुन्हा विमा कंपनीत फोनवर लोकांची बोलणी खायला बसावं लागणार होतं. आणि नखं काही टिकत नव्हती. आज लावली की उद्या-परवा एखादं तडकायचंच.

"गुरुवारी शेवटची येते," मालकीणबाई म्हणाल्या. "आठ दिवस नखं राहिली तर मी तुझी, नाहीतर मी माझी माणसं दुसरीकडे नेते."

धाकटी डोळे पुसत होती तेवढ्यात दादा कामावरून आला. दादा लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत तपासनीस होता. घरात त्याला सगळे मोजपट्टी म्हणत, कारण पोळपाट हलतो अशी तक्रार आली तरी तो आधी त्याच्या तिन्ही पायांची उंची मोजायचा. बहिणीचे डोळे पाहून त्याचं काळीज हललं, आणि काळीज हललं की तो समजावून सांगायला लागायचा.

"टिप म्हणजे गॅलरी," तो म्हणाला. "भिंतीच्या बाहेर जितकी जास्त काढशील, तितका मुळाशी ताण. टोकावर जरा भार आला की तडा मुळाशी जातो, टोकाला नाही."

"मला माहितेय रे," धाकटी म्हणाली. "तेच तर शिकून आलेय मी."

ती खरंच शिकून आली होती. दादाने तिचं काम पायरीपायरीने तपासलं. मूळ नखावरची चकाकी ती नीट घासून काढत होती, तेलाचा अंश पुसून घेत होती, नखाच्या रुंदीला बरोबर बसेल अशीच टिप निवडत होती. टिप तिरकी टेकवून हळूहळू आडवी करत होती, म्हणजे गोंदात हवेचा बुडबुडा राहू नये. वरून जेलचा थर, तोही ताण जिथे येतो तिथे जाड आणि कडेला पातळ. दादाला एकही चूक सापडली नाही आणि त्यामुळे तो फारच खिन्न झाला.

एक गोष्ट मात्र त्याने हेरली. तुटलेलं नख बहुतेक सगळ्यांचं एकच, उजव्या हाताची तर्जनी. मग त्याने धाकटीला एकेका गिऱ्हाइकाला फोन करून तर्जनीने काय काय करता हे विचारायला लावलं. एकीने सांगितलं, फोन चालवते. दुसरी म्हणाली, काहीच करत नाही, सगळी कामं अंगठ्याने करते. तिसरीने, नवऱ्याने झाडल्यावर कुठे कुठे धूळ राहिली ते दाखवते, असं सांगितलं आणि मग बराच वेळ नवऱ्याविषयीच बोलली. यातून काही निष्कर्ष निघेना.

"प्रयोग करावा लागेल," दादा म्हणाला. "घरातच. आईला टिपा लाव. ती भांडी घासते, कपडे पिळते, डब्यांची झाकणं उघडते. नखावर येऊ शकतो तो सगळा भार तिच्याकडे आहे. आणि दुसरं माणूस असं पाहिजे की जे काहीच करत नाही. तुलनेसाठी."

आई आणि धाकटी दोघींच्याही माना एकाच वेळी आरामखुर्चीकडे वळल्या.

बाबांनी आधी साफ नकार दिला. या वयात नखं रंगवून बसलो तर चार लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं होतं. धाकटी नुसती त्यांच्या पायाशी येऊन बसली. त्यावर ते बिनरंगाची चालतील म्हणाले. बिनरंगाची लावल्यावर हात आजारी दिसतात असं त्यांचं मत पडलं. फिकट गुलाबी दाखवली तर ती त्यांना भित्री वाटली. शेवटी, एवढं करायचंच आहे तर नीट दिसू दे, असं म्हणून त्यांनी डाळिंबी रंगावर बोट ठेवलं आणि वर एका नखावर चमकी मागून घेतली.

दादाने स्वतः मात्र टिपा लावल्या नाहीत. निरीक्षकाने प्रयोगात पडायचं नसतं, असं त्याने सांगितलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

रोज सकाळ-संध्याकाळ तो भिंग घेऊन दोघांची नखं तपासू लागला. आईने करपलेलं पातेलं तारेच्या घासणीने घासलं, गाद्या उन्हात टाकल्या, अडकलेला ड्रॉवर ओढून काढला. नखं जशीच्या तशी. आईला ती आवडायलाही लागली होती. बोलताना ती आता हात जरा जास्त हलवायची. आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भिंगाखाली केसाएवढी रेघ दिसली ती बाबांच्या तर्जनीवर. रात्री रिमोट उचलताना ते नख तुटून गादीवर पडलं.

"म्हणजे मी भांडी घासून धड, आणि तुम्ही बसून फुटलात?" आई म्हणाली. "काय करता काय तुम्ही?"

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "खरंच काही नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस काही करत नाही असं आई सगळ्यांना सांगत आली होती. आज पहिल्यांदाच तिचा त्यावर विश्वास बसेना.

धाकटीने नवी टिप लावली. दादाने निरीक्षणं जुळवून पाहिली. सकाळी नख धड असतं, दुपारी जेवून उठल्यावर धड असतं, संध्याकाळी फिरून आल्यावर रेघ दिसते. म्हणजे जे काही होतं ते फिरायला गेल्यावर होतं. त्याने अर्धा दिवस रजा टाकली आणि बाबांच्या मागावर राहायचं ठरवलं. बाबा लिफ्टने उतरले. एकाच लिफ्टमधून पाळत ठेवता येत नाही, म्हणून दादा जिन्याने धावत खाली गेला.

बाबा बागेत गेले आणि बाकावर बसले. सूर्य मावळतीला आला तसा हात लांब धरून नखं उन्हात कशी दिसतात ते पाहत राहिले. मग उठून चटकन बेकरीत शिरले आणि डॉक्टरांनी बंद केलेली क्रीमची पेस्ट्री छोट्या चमच्याने, करंगळी वर करून, अत्यंत हळुवारपणे खाल्ली. तर्जनीने त्यांनी काही केलं असेल तर एवढंच की दुसऱ्या पेस्ट्रीकडे दाखवलं. मग परत येऊन ते लिफ्टकडे वळले आणि दादा पुन्हा जिन्याने धापा टाकत वर पोचला. भिंग लावून पाहतो तर रेघ हजर.

तो दिवस नेमका गुरुवार होता. पुढच्या खोलीत मालकीणबाई शेवटच्या संधीची नखं लावून घेत बसल्या होत्या. त्यामुळे बाबांची चौकशी स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात झाली.

"बाबा, मी पाहिलंय सगळं," दादा म्हणाला.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी पेस्ट्री कबूल केली. आई खुर्चीत बसली. ती बसलेली पाहून आणखी काहीतरी बाहेर आलेलं असावं असं बाबांना वाटलं, म्हणून त्यांनी दुसरी पेस्ट्रीही कबूल केली. मग नवी छत्री चोरीला गेली नव्हती, ती बाकावर विसरली होती, हे सांगितलं. आईच्या बहिणीचा फोन आला की ते झोपेचं सोंग घेतात, हेही सांगितलं. आई त्यांच्याकडे अशी पाहत होती, जणू हा माणूस आजच पहिल्यांदा घरात आलाय.

"पण बाबा," दादा म्हणाला, "यातल्या कशानेच नख तडकत नाही."

"मग इतका वेळ मी हे कशासाठी सांगतोय?" बाबा म्हणाले.

दादाने कपाळाला हात लावला. धाकटी तिकडे शेवटचा थर देत असणार. आता अजून काही मिनिटांनी मालकीणबाई उठतील आणि मग आठ दिवस देवाच्या हवाली. काहीतरी नजरेतून निसटलं होतं. त्याने बाबांना विनवलं, की घरातून निघाल्यापासून तुम्ही जे जे करता ते माझ्यासमोर तसंच्या तसं करून दाखवा. एक हालचालही गाळू नका.

बाबांनी चपला घातल्या. दार उघडलं. पाच पावलं चालून लिफ्टसमोर उभे राहिले आणि तर्जनीने बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी एक पाय जरा पुढे घेतला, खांदा आणला, आणि सगळं वजन बोटाच्या टोकावर देऊन बटण आत लोटलं.

चट्, असा बारीक आवाज आला. दिवा लागला.

"असंच दाबावं लागतं याला," बाबा म्हणाले. "कोणत्या गाढवाने बसवलंय कोण जाणे."

"आपल्याच," दारातून आई म्हणाली.

पोरं येता-जाता सगळ्या मजल्यांची बटणं दाबून पळतात, अशी इमारतीतल्या लोकांची तक्रार आल्यावर दादानेच कंपनीतून जाड स्प्रिंगची बटणं मागवून बसवली होती. पोरं खरोखरच कंटाळून गेली आणि सगळ्यांनी दादाचं कौतुकही केलं होतं. पार्लरमधून ताज्या नखांनी बाहेर पडणारी एकूण एक बाई पहिलं काम करायची ते हे बटण दाबायचं. तडा इथे जायचा आणि नख तुटायचं दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी, त्यामुळे बोलणी गोंदाला बसायची. आई तेवढी सुटली होती, कारण दादा तपासतो त्या लिफ्टमध्ये ती पाऊल ठेवत नसे. लहानपणी त्याने उघडलेलं एकही घड्याळ पुन्हा चाललं नव्हतं, हे ती विसरली नव्हती.

दादा अजून बटणाकडेच बघत होता, तोवर पार्लरचं दार उघडलं. मालकीणबाई बाहेर आल्या. दहाही बोटं पसरून, नखांवर हलकेच फुंकर घालत त्या लिफ्टपाशी पोचल्या. लिफ्ट मघाशीच येऊन, कुणी आत शिरत नाही असं पाहून, निघून गेली होती. मालकीणबाईंनी तर्जनी उचलली. मागे दारात धाकटी उभी होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पुढे झाले ते बाबा.

"छे छे मॅडम, तुम्ही कशाला तसदी घेता," असं म्हणत त्यांनी मालकीणबाई आणि बटण यांच्यामध्ये स्वतःला सारलं आणि बोट मुडपून पेराने, सगळं वजन देऊन, बटण दाबलं. लिफ्ट आल्यावर दार धरलं, आतलं बटणही स्वतःच दाबलं, आणि त्यांना खालपर्यंत सोडून आले. मालकीणबाईंचं लक्ष वाटेत त्यांच्या डाळिंबी नखांकडे गेलं आणि चमकी छान आहे, असं त्या म्हणाल्या. बाबांनी वर येऊन ते सगळ्यांना दोनदा सांगितलं.

स्प्रिंग बदलायची म्हणजे दादाला स्वतःच्या कामाविरुद्ध स्वतःच तक्रार करायची होती, ती मंजूर व्हायची होती, मग सामान यायचं होतं. तोवर गिऱ्हाइकांना बटण दाबू नका असं सांगितलं असतं, तर आधीची नखं का तुटली हेही सांगावं लागलं असतं. म्हणून बाबांनी आरामखुर्ची उचलून लिफ्टपाशी नेली. बाई पार्लरमधून निघाली की ते उठत, बटण दाबत, दार धरत, दोन शब्द हवापाण्याचे बोलत आणि पुन्हा बसत. त्या आठवड्यात एकही नख तडकलं नाही. आठवडा संपायच्या आत नवी, हलकी बटणंही बसली. फुंकर मारली तरी दिवा लागेल अशी. खुर्ची मात्र अजून लिफ्टपाशीच होती.

आठ दिवसांनी मालकीणबाई आल्या त्या दुकानातल्या चार मुलींना घेऊनच. दहाही नखं जागेवर होती. धाकटीचा चेहरा खुलला. इतके दिवस मनात धरलेलं सगळं दादाला आता मालकीणबाईंसमोर कबूल करून टाकायचं होतं. त्याने घसा खाकरला आणि स्प्रिंगचा विषय काढायला तोंड उघडलं.

"नखं काय, चांगली लावणारे दहा मिळतात," त्याच्या आधी मालकीणबाई म्हणाल्या. "पण नुसतं बटण दाबायला दारात माणूस ठेवणारं पार्लर मी पाहिलं नाही. मुलींनो, बघून घ्या, गिऱ्हाइकाला असं जपायचं असतं. काय गं, ही सोय कायम राहणार असेल, तरच आम्ही दर महिन्याला येऊ."

धाकटीने दादाच्या पायावर पाय दिला. दादाने तोंड मिटलं. मग दोघांनी मिळून दाराबाहेर, आरामखुर्चीकडे पाहिलं. बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आपली नखं एकदा उलटसुलट करून न्याहाळली आणि शांतपणे विचारलं, "दुपारची झोपेची सुट्टी धरलीये ना?"